पुरस्कारांच्या यादीत न सापडणारे मराठी कलावंत

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाते. तेथील हेमाडपंती मंदिराचा नंदी नेहमीप्रमाणे देवासमोर नाही, तर मागच्या बाजूस आहे. यामागची आख्यायिका मराठवाड्यात लहान मुलांनाही ठाऊक असते. संत नामदेव देवासमोर कीर्तन करीत असता त्यांना मंदिराच्या मागे जाण्यास सांगण्यात आले. ते निमूटपणे मागे गेले आणि त्यांचे कीर्तन ऐकण्यासाठी देऊळच त्यांच्या दिशेने फिरले, अशी ती कथा. नामदेवांचे नरसी हे गाव याच जिल्ह्यात आहे, त्यामुळे कथेला घरगुती ओलावाही आहे.

मराठी चित्रपट कलावंत आणि राष्ट्रीय पातळीवरचे पुरस्कार यांच्या नात्याचा इतिहास चाळताना ही कथा वारंवार आठवते. येथेही कीर्तन मागच्या बाजूस चालू राहिले आणि गर्दीही तेथेच झाली, देऊळ मात्र क्वचितच फिरले. निळू फुले, सुलोचना, लक्ष्मीकांत बेर्डे, रीमा लागू, अशोक सराफ ही नावे कोणत्याही मराठी घरात परिचय करून देण्याची गरज नसलेली. पण अभिनयाच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या यादीत यांपैकी एकही नाव सापडत नाही. असे का झाले, याचे उत्तर केवळ ‘अन्याय’ या एका शब्दात देता येत नाही. ते बरेचसे पुरस्कारांच्या रचनेत दडलेले आहे.

जेव्हा पारितोषिकच नव्हते

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची सुरुवात मराठी माणसाला अभिमान वाटावा अशीच झाली. १९५३ सालच्या चित्रपटांसाठी पहिल्यांदा हे पुरस्कार दिले गेले, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ने मिळविले. मात्र त्या चित्रपटाचा प्राण असलेल्या वनमाला यांना आणि श्यामची भूमिका करणाऱ्या माधव वझे यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला नाही. तो मिळणे शक्यच नव्हते, कारण तेव्हा अभिनयासाठी पारितोषिकच ठेवलेले नव्हते. पुरस्कार चित्रपटाचा होता, कलावंताचा नव्हता.

ही उणीव भरून निघण्यास चौदा वर्षे लागली. १९६७ सालच्या चित्रपटांपासून सर्वोत्कृष्ट अभिनेता आणि अभिनेत्री यांचे पुरस्कार सुरू झाले. प्रारंभीच्या काळात त्यांना ‘भरत’ आणि ‘उर्वशी’ अशी नावे होती. पहिले मानकरी ठरले उत्तमकुमार आणि नर्गिस. म्हणजे १९३०, ४० आणि ५० या दशकांत ज्यांची कारकीर्द बहरली, ते सारे कलावंत या यादीच्या जन्माआधीचेच ठरले. बाबुराव पेंढारकर, शाहू मोडक, लीला चिटणीस, मास्टर भगवान यांच्या उमेदीच्या काळात त्यांना देण्यासाठी सरकारजवळ काही नव्हते.

या संदर्भात हंसा वाडकर यांचे उदाहरण बोलके आहे. ‘संत सखू’, ‘लोकशाहीर रामजोशी’ आणि ‘सांगत्ये ऐका’ या चित्रपटांतून त्यांनी मराठी प्रेक्षकांवर राज्य केले. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात दोन वर्षांहून अधिक काळ चालला. याच नावाने त्यांनी आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले आणि १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे श्याम बेनेगल यांनी त्या आत्मचरित्राच्या आधारे १९७७ मध्ये ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट केला. त्यातील नायिकेच्या कामाबद्दल स्मिता पाटील यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. स्मिता पाटील त्या पुरस्काराच्या सर्वस्वी अधिकारी होत्या, याविषयी दुमत नाही. पण जिचे आयुष्य पडद्यावर साकारले म्हणून देशाने दाद दिली, त्या नटीच्या स्वतःच्या नावावर अभिनयाचे राष्ट्रीय पारितोषिक नाही, हे विसरता येत नाही.

नूतन यांची गोष्ट थोडी वेगळी. ‘सीमा’, ‘सुजाता’, ‘बंदिनी’, ‘मिलन’ आणि ‘मैं तुलसी तेरे आंगन की’ अशा पाच चित्रपटांसाठी त्यांनी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार पटकावला. ‘मेरी जंग’साठी साहाय्यक अभिनेत्रीचाही मिळविला. १९७४ साली पद्मश्री झाली. राष्ट्रीय पुरस्कार मात्र मिळाला नाही. ‘सुजाता’ आणि ‘बंदिनी’ हे त्यांचे शिखरावरचे चित्रपट १९५९ आणि १९६३ चे. त्या वेळी अभिनयाचे राष्ट्रीय पारितोषिक अस्तित्वातच नव्हते. पुढच्या काळात माधुरी दीक्षित यांच्याही वाट्याला असेच आले. त्यांनी चार वेळा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा फिल्मफेअर मिळविला, पण राष्ट्रीय पुरस्कार नाही. येथे अर्थातच काळाचा दोष देता येणार नाही.

नायक नसलेल्यांचे काय?

काळाची अडचण १९६७ नंतर संपली, पण दुसरी शिल्लक राहिली. राष्ट्रीय पुरस्कारांत साहाय्यक अभिनेता आणि अभिनेत्री हे विभाग १९८४ सालच्या चित्रपटांपासून सुरू झाले. पहिल्याच वर्षी ‘घरे बाइरे’साठी व्हिक्टर बॅनर्जी आणि ‘पार्टी’साठी रोहिणी हट्टंगडी यांना ते मिळाले. त्याआधीची सतरा वर्षे देशात प्रामुख्याने नायक आणि नायिका यांच्याच अभिनयाची राष्ट्रीय नोंद होत होती. खलनायक, चरित्र अभिनेता, आई, सासू, विदूषक, तमासगीर यांना त्या स्पर्धेत स्वतंत्र जागाच नव्हती.

मराठी चित्रपटाचे वैभव तर याच भूमिकांत होते, आणि त्या वैभवाचे सर्वात मोठे नाव निळू फुले.

४ एप्रिल १९३० रोजी पुण्यात जन्मलेल्या निळूभाऊंनी तरुणपणी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात त्यांची घडण झाली. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांना नाव मिळवून दिले आणि १९६८ मध्ये अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’तील झेलेअण्णांच्या भूमिकेने ते चित्रपटात आले. त्यानंतरची चाळीस वर्षे गावगुंड, सरपंच, पाटील, सावकार, कारखान्याचा अध्यक्ष या साऱ्यांना त्यांनी एक चेहरा दिला. आवाज न चढवता दहशत कशी बसवायची, याचा तो वस्तुपाठ होता. कोपऱ्यातून पाहणारे डोळे, किंचित तिरके हसू आणि शब्द चावून बोलण्याची लकब यांची नक्कल आजही होते. नक्कल करणाऱ्यांच्या हाती लकब लागते, त्यामागचा माणूस लागत नाही.

त्यांच्या दोन भूमिकांचा उल्लेख येथे अटळ आहे. डॉ. जब्बार पटेल दिग्दर्शित आणि विजय तेंडुलकर लिखित ‘सामना’ १९७५ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात स्पर्धेत होता. त्यात सहकारसम्राट हिंदुराव धोंडे पाटील ही भूमिका निळूभाऊंची आणि त्याला एकाच प्रश्नाने हैराण करणारे मास्तर डॉ. श्रीराम लागू यांचे. मारुती कांबळे या माणसाचे काय झाले, एवढाच तो प्रश्न. हिंदुराव हा नेहमीचा खलनायक नाही. त्याने माळरानावर कारखाना उभा केला आहे, गावाचे भले केल्याचा त्याला खरोखर विश्वास आहे, आणि तरीही त्याच्या हाताला रक्त आहे. ही सारी गुंतागुंत निळूभाऊंनी एका व्यक्तीत सामावली. चार वर्षांनी, १९७९ मध्ये, ‘सिंहासन’मध्ये त्यांनी नेमकी उलट बाजू दाखवली. सत्तेचा खेळ जवळून पाहणारा, कशातही हस्तक्षेप करू न शकणारा पत्रकार दिगू टिपणीस. चित्रपटाच्या शेवटी भान हरपून हसत सुटलेला दिगू ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या भूमिकेसाठी कोणत्या प्रमाणपत्राची गरज वाटणार नाही.

‘सामना’ आणि ‘सिंहासन’ या दोन्ही चित्रपटांना सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. महाराष्ट्र शासनाने निळूभाऊंना राज्य पुरस्कार दिले, तर संगीत नाटक अकादमीने १९९१ मध्ये गौरव केला. अभिनयाच्या राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत मात्र ते पोहोचले नाहीत. १९८४ मध्ये साहाय्यक अभिनेत्याचा विभाग सुरू झाला, त्याच वर्षी महेश भट्ट यांच्या ‘सारांश’मध्ये गजानन चित्रे या गुंड राजकारण्याची भूमिका करून त्यांनी हिंदी प्रेक्षकांनाही हादरवले होते. १३ जुलै २००९ रोजी त्यांचे निधन झाले.

डॉ. श्रीराम लागू यांनाही अभिनयाचे राष्ट्रीय पारितोषिक लाभले नाही. १९७२ साली व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’मध्ये आदर्श शिक्षकाचा अधःपात त्यांनी साकारला, ते त्यांचे मराठी चित्रपटातील पहिले मोठे काम. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार ‘कोशिश’साठी संजीवकुमार यांना मिळाला, आणि ती निवड चुकीची होती असे कोणी म्हणणार नाही. पुढे ‘घरौंदा’साठी लागूंना साहाय्यक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. ‘नटसम्राट’ उभा करणाऱ्या या नटाच्या चित्रपटक्षेत्रातील गौरवाची नोंद एका हिंदी चित्रपटातील साहाय्यक भूमिकेसाठी व्हावी, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

फिल्मफेअरचा दरवाजा

खासगी पुरस्कारांत सर्वात जुना आणि प्रतिष्ठेचा म्हणजे फिल्मफेअर. तो १९५४ मध्ये पाच विभागांनिशी सुरू झाला आणि दुसऱ्याच वर्षी साहाय्यक अभिनयाचे विभाग त्यात आले. सरकारला जे सुचायला १९८४ उजाडावे लागले, ते एका नियतकालिकाला १९५५ मध्येच सुचले, हे नोंदवलेच पाहिजे. त्या पहिल्या वर्षी साहाय्यक अभिनयाचे दोन्ही पुरस्कार महाराष्ट्राशी नाते असलेल्या कलावंतांना मिळाले. ‘बूट पॉलिश’साठी डेव्हिड अब्राहम चेऊलकर म्हणजेच आपले डेव्हिड, आणि ‘बादबान’साठी उषा किरण, माहेरच्या उषा मराठे. पुढे ललिता पवार (‘अनाडी’), नंदा (‘आंचल’), दुर्गा खोटे (‘बिदाई’) यांची नावे या यादीत आली. १९८४ च्या समारंभात तर साहाय्यक अभिनेता सदाशिव अमरापूरकर (‘अर्धसत्य’) आणि साहाय्यक अभिनेत्री रोहिणी हट्टंगडी (‘अर्थ’) अशी मराठी जोडीच विजयी ठरली. रोहिणीताईंनी आदल्या वर्षी ‘गांधी’तील कस्तुरबांसाठी ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कारही मिळविला होता.

तेव्हा दरवाजा बंद होता असे म्हणता येत नाही. अट एवढीच होती की त्या दरवाजातून हिंदी बोलत आत शिरावे लागे. मराठी चित्रपटांसाठी फिल्मफेअरने वेगळे पुरस्कार दिले, अशोक सराफ यांना ‘राम राम गंगाराम’साठी असाच पुरस्कार मिळाला. मात्र देशभर ज्याची चर्चा होते तो समारंभ हिंदीचाच राहिला.

हिंदीत गेलेल्या सर्वांनाच यश लाभले असेही नाही. रीमा लागू यांचे नाव साहाय्यक अभिनेत्रीच्या फिल्मफेअरसाठी चार वेळा नामांकित झाले. ‘मैंने प्यार किया’, ‘आशिकी’, ‘हम आपके हैं कौन’ आणि ‘वास्तव’. चारही वेळा पुरस्कार दुसऱ्या अभिनेत्रीकडे गेला. ‘आशिकी’च्या वर्षी तो ‘अग्निपथ’साठी रोहिणी हट्टंगडींना, ‘हम आपके हैं कौन’च्या वर्षी ‘क्रांतिवीर’साठी डिंपल कपाडिया यांना आणि ‘वास्तव’च्या वर्षी ‘बीवी नंबर वन’साठी सुश्मिता सेन यांना मिळाला. या शेवटच्या निर्णयाबद्दल आजही आश्चर्य वाटते. ‘वास्तव’मधील आई आपल्याच मुलावर पिस्तूल रोखते. तेथवर पोहोचण्यासाठी रीमाताईंनी आधीच्या प्रत्येक दृश्यात त्या बाईचा एकेक धागा तुटताना दाखवला आहे. एक गृहिणी हळूहळू त्या टोकाशी येते आणि प्रेक्षकाला ते अशक्य वाटत नाही, हे त्या अभिनयाचे यश. विशेष म्हणजे मुलाची भूमिका करणारे संजय दत्त त्यांच्यापेक्षा अवघ्या वर्षभराने लहान होते. १८ मे २०१७ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, रीमाताई गेल्या.

पडद्यावरच्या आयांचा विषय निघाला की सुलोचनादीदींना वगळता येत नाही. बेळगाव जिल्ह्यातील खडकलाट येथे जन्मलेल्या दीदींनी मराठीत आणि हिंदीतही अनेक चित्रपट केले. १९९९ मध्ये पद्मश्री, २००९ मध्ये महाराष्ट्र भूषण आणि फिल्मफेअरचा जीवनगौरवही त्यांना मिळाला. पण एखाद्या विशिष्ट भूमिकेसाठी अभिनयाचे राष्ट्रीय पारितोषिक नाही, आणि दादासाहेब फाळके पुरस्कारही नाही. मराठी अभिनेत्रींमध्ये तो मान १९८३ साली दुर्गा खोटे यांना लाभला होता. ४ जून २०२३ रोजी दीदींचे मुंबईत निधन झाले. जीवनगौरव हा आदराचा पुरस्कार खरा, पण त्यात एक सोयही असते. कोणत्याही एका वर्षी, कोणत्याही एका भूमिकेच्या बाजूने उभे राहण्याचे धाडस परीक्षकांना करावे लागत नाही.

विदूषकाला कोण विचारतो

विनोदी नटांची उपेक्षा ही केवळ मराठीची तक्रार नाही, जगभर असेच घडत आले आहे. तरी मराठीत ती अधिक टोचते, कारण १९८० च्या दशकातला मराठी चित्रपट विनोदी नटांच्याच खांद्यावर उभा होता. राष्ट्रीय पुरस्कारांत विनोदी भूमिकेसाठी वेगळा विभाग नाही. फिल्मफेअरने तो १९६७ पासून दिला. १९९२ पासून खलनायकासाठीही दिला, आणि त्याचे पहिले मानकरी ‘सडक’साठी सदाशिव अमरापूरकर ठरले. २००७ नंतर हे दोन्ही विभाग बंद करण्यात आले.

लक्ष्मीकांत बेर्डे यांचे नाव विनोदी भूमिकेच्या फिल्मफेअर नामांकनांत एकाहून अधिक वेळा आले, पण पुरस्कार मिळाला नाही. त्यांच्या बाबतीत खरी हुकलेली संधी वेगळीच आहे. १९९२ साली जब्बार पटेल यांनी ‘एक होता विदूषक’ काढला. पटकथा पु. ल. देशपांडे यांची, गीते ना. धों. महानोर यांची. तमाशातला सोंगाड्या चित्रपटाचा नट होतो, राजकारणाच्या प्यादेपणापर्यंत पोहोचतो आणि हसवता हसवता आतून रिकामा होतो, अशी ती कथा. ‘लक्ष्या’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नटाने त्यात स्वतःच्याच प्रतिमेकडे आरशात पाहावे तसे पाहिले आहे. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. नृत्यदिग्दर्शनासाठी लक्ष्मीबाई कोल्हापूरकर यांचा राष्ट्रीय सन्मान झाला, आणि तमाशा परंपरेच्या दृष्टीने ती फार मोलाची घटना होती. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मात्र ‘ताहादेर कथा’साठी मिथुन चक्रवर्ती यांना गेला. चित्रपट तिकीटबारीवर चालला नाही. प्रेक्षकांना त्यांचा नेहमीचा लक्ष्या हवा होता आणि परीक्षकांना बहुधा तो नवा लक्ष्या पुरेसा दिसला नाही. त्यानंतर त्यांना अशी भूमिका पुन्हा मिळाली नाही. १६ डिसेंबर २००४ रोजी, वयाच्या अवघ्या पन्नाशीत, त्यांचे निधन झाले. पुरस्कार मिळाला असता तर त्यांची पुढची बारा वर्षे वेगळी गेली असती का? खात्रीने सांगता येणार नाही, पण पुरस्काराचा खरा उपयोग अशाच वळणावर होतो. त्याने निर्मात्याला धीर येतो आणि नटाला ‘नाही’ म्हणण्याची ताकद मिळते.

त्यांचे जोडीदार अशोक सराफ यांना संयमाचे फळ उशिरा का होईना मिळाले. ‘पांडू हवालदार’पासून ‘अशी ही बनवाबनवी’पर्यंत आणि पुढे रंगभूमी व दूरचित्रवाणीपर्यंत अर्धशतक वावरलेल्या या नटाला २०२३ चा महाराष्ट्र भूषण आणि २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. राष्ट्रीय चित्रपट पुरस्काराची जागा त्यांच्याही बाबतीत रिकामीच आहे. दादा कोंडके यांचे तर विचारायलाच नको. ओळीने नऊ रौप्यमहोत्सवी चित्रपटांचा त्यांचा विक्रम गिनेस बुकात नोंदला गेला. परीक्षकांच्या दालनात त्यांच्या चित्रपटांना प्रवेश मिळेल, अशी अपेक्षा बहुधा स्वतः दादांनीही केली नसेल.

चाळीस वर्षांनंतर

मराठी भाषेतील चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार प्रथम मिळाला तो २००८ सालच्या ‘जोगवा’साठी, उपेंद्र लिमये यांना. अभिनयाचा पुरस्कार सुरू होऊन तेव्हा चाळीस वर्षे उलटली होती. त्याआधी नाना पाटेकर यांना ‘क्रांतिवीर’साठी तो मिळाला होता, पण चित्रपट हिंदी. अतुल कुलकर्णी यांना ‘हे राम’ आणि ‘चांदनी बार’ यांसाठी साहाय्यक अभिनेत्याचे दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, तेही मराठीबाहेरचे. ‘नटरंग’मध्ये पैलवानाचा नाच्या होण्यासाठी देह आणि मन दोन्ही पालटून टाकणाऱ्या अतुल कुलकर्णींना त्या भूमिकेसाठी हा मान मिळाला नाही. त्या वर्षी तो ‘पा’साठी अमिताभ बच्चन यांना गेला. २००५ मध्ये ‘डोंबिवली फास्ट’च्या संदीप कुलकर्णींच्या वाटेतही अमिताभच होते, ‘ब्लॅक’मधले.

‘श्वास’ची कथाही अशीच. २००३ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला सुवर्णकमळ मिळाले, ‘श्यामची आई’नंतर अर्धशतकाने हा मान मराठीकडे परत आला. बालकलाकार अश्विन चितळे याचा गौरव झाला. नातवाला दृष्टी जाण्याआधी जग दाखवू पाहणारे आजोबा साकारणारे अरुण नलावडे मात्र पुरस्काराविना राहिले. ते या चित्रपटाच्या निर्मात्यांपैकीही एक होते. एकट्या ‘जोगवा’कडे पाहिले तरी असेच दिसते. उपेंद्र लिमये, संगीतकार अजय-अतुल, गायक हरिहरन, गायिका श्रेया घोषाल अशी सारी नावे यादीत आहेत आणि नायिका मुक्ता बर्वे यांचे नाही.

त्यानंतरची काही वर्षे मात्र खरोखर भरभराटीची गेली. ‘बाबू बँड बाजा’साठी मिताली जगताप वराडकर, ‘देऊळ’साठी गिरीश कुलकर्णी, ‘धग’साठी उषा जाधव, ‘अनुमती’साठी विक्रम गोखले, ‘अस्तु’साठी अमृता सुभाष. यांपैकी विक्रम गोखले यांच्या पुरस्काराला विशेष अर्थ होता. पिढ्यान् पिढ्या अभिनयाची परंपरा असलेल्या घराण्यातील या नटाला तो कारकिर्दीच्या उत्तरार्धात, इरफान खान यांच्याबरोबर विभागून मिळाला. किशोर कदम यांच्या कामाची दखलही उशिराच घेतली गेली. ‘फँड्री’त डुकरे पकडणाऱ्या बापाची त्यांची भूमिका मराठी पडद्यावरील महत्त्वाच्या भूमिकांपैकी एक, पण तेव्हा पुरस्कार बालकलाकार सोमनाथ अवघडे याला मिळाला. किशोर कदम यांचा विशेष उल्लेख झाला तो २०२० सालच्या पुरस्कारांत, वेगळ्या चित्रपटांसाठी. ‘कोर्ट’मधील लोकशाहीर नारायण कांबळे साकारणारे वीरा साथीदार तर व्यावसायिक नटही नव्हते. नागपूरचे कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’चे संपादक असलेल्या साथीदारांचा चित्रपट सुवर्णकमळाचा मानकरी ठरला आणि भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवला गेला. एप्रिल २०२१ मध्ये करोनाने त्यांचा बळी घेतला.

मराठवाड्याचा विचार केला तर या चर्चेला आणखी एक पदर आहे, तो बोलीचा. दीर्घकाळ मराठी पडद्यावर ग्रामीण भाषा म्हणजे कोल्हापूर-साताऱ्याकडची बोली असेच समीकरण होते. ‘कायद्याचं बोला’, ‘दे धक्का’, ‘गल्लीत गोंधळ दिल्लीत मुजरा’ अशा चित्रपटांतून मकरंद अनासपुरे यांनी बीड-औरंगाबादकडचा हेल नायकाच्या तोंडी आणला. हिंगोली, परभणी, नांदेडच्या प्रेक्षकाला आपले बोलणे प्रथमच विनोदाचे लक्ष्य न होता विनोदाचे हत्यार झालेले दिसले. दिल्लीतील परीक्षक मंडळात अनेक भाषांचे सदस्य असतात आणि चित्रपट उपशीर्षकांच्या आधारे पाहिला जातो. हेल, लकब, शब्दावरचा आघात हे उपशीर्षकात उतरत नाही. निळू फुले यांच्या आवाजाची जरबही उतरत नसणार. बोलीच्या बळावर उभा राहिलेला अभिनय बहुभाषिक परीक्षणात नेहमीच तोट्यात जातो, आणि हे केवळ मराठीपुरते खरे नाही.

इतरत्रही तेच

पुरस्कारांनी केलेले विलंब आणि विस्मरण यांची उदाहरणे सर्वत्र आहेत. इंग्रज अभिनेते पीटर ओ’टूल यांना ऑस्करसाठी आठ नामांकने मिळाली, विजय एकदाही नाही. अखेर २००३ मध्ये त्यांना मानद ऑस्कर देण्यात आला. श्रीदेवी यांना अभिनयाचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार ‘मॉम’साठी जाहीर झाला तो एप्रिल २०१८ मध्ये, त्यांच्या निधनानंतर दोन महिन्यांच्या आत. शाहरुख खान यांना तो ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झाला, पहिल्या चित्रपटानंतर ३३ वर्षांनी. त्याच यादीत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून नव्या ‘श्यामची आई’चे नाव होते.

मराठी नटाजवळ एक आधार मात्र असा आहे, जो अनेक भाषांतील चित्रपट कलावंतांजवळ नाही. तो म्हणजे रंगभूमी. सांगलीचे विष्णुदास भावे गौरवपदक, संगीत नाटक अकादमीचा सन्मान आणि त्याहून मोठी म्हणजे रोज रात्री तिसरी घंटा झाल्यावर समोर बसणारी माणसे. त्यामुळे पुरस्कार न मिळाल्याची कडवट तक्रार मराठी कलावंतांच्या तोंडून सहसा ऐकू येत नाही. ही त्यांची शालीनता झाली. व्यवहार मात्र शालीनतेवर चालत नाही. महोत्सवांतील सिंहावलोकन, परदेशी प्रदर्शन, जुन्या चित्रपटांच्या प्रतींचे जतन, यांसाठी निवड करणारे लोक बहुतेक वेळा आधी पुरस्कारांची यादी पाहतात. यादीत नाव नसलेल्या नटाचा चित्रपट जतनाच्या रांगेतही मागे पडतो. अनेक जुन्या मराठी चित्रपटांच्या चांगल्या प्रती आज उपलब्ध नाहीत आणि त्यांच्याबरोबर त्या काळच्या अभिनयाचा एकमेव पुरावाही जात आहे. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतनाचे काम हाती घेतले आहे. त्या कामात ‘कोणता चित्रपट आधी’ हे ठरवताना निकष केवळ पदकांचा राहिला, तर तमाशापटांतील आणि विनोदी चित्रपटांतील कितीतरी भूमिका नव्या पिढीला पाहायलाच मिळणार नाहीत.